धावता टू-बीएचके

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून अशा २०७ चाळी गेल्या शतकाच्या विशीत उभ्या राहिल्या. त्या खोल्यांत गिरणीच्या तीन पाळ्यांचे लोक आळीपाळीने झोपले, लग्नं झाली, बाळंतपणं झाली, पोरं दहावी-बारावीला बसली. १६० फुटांत मोरी, मोरीच्या वर फळी, फळीवर ट्रंका.

आता त्याच चाळीच्या अंगणात उभी असलेली गाडी बघा. पार्किंगचा चौकोन अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. फुटांत सांगायचं तर १३४. पाच-सहा माणसांच्या संसाराला १६० आणि दिवसातले बावीस तास नुसत्या उभ्या राहणाऱ्या लोखंडाला १३४. मुंबईच्या वाहतुकीचं सगळं गणित या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

मुंबई हे बेट आहे ही गोष्ट आपण विसरतो. सात बेटांची कहाणी शाळेत पाठ केलेली असते, पण ती इतिहासाच्या पेपरात लिहून टाकायची. वास्तविक माहीम आणि शीवच्या खाली कुलाब्यापर्यंतचा अठराएक किलोमीटरचा तुकडा आजही तीन बाजूंनी पाण्यात आहे आणि चौथ्या बाजूला मिठी नदी अन् माहीमची खाडी. क्षेत्रफळ सुमारे ६७ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत त्यावर ३१ लाखांच्या आसपास माणसं मोजली गेली. रुंदी कुठे चार-पाच किलोमीटर, आणि कुलाब्याकडे उतरता उतरता एक किलोमीटरही उरत नाही. नरसाळ्याचा आकार. वरून ओतायला हात कितीही असोत, खालच्या नळीचं तोंड तेवढंच.

तरी आपण दोनशे-अडीचशे वर्षं एकच काम करत आलो: वरून ओतायला आणखी एक हात. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधली खाडी अडवणारा हॉर्नबीचा बांध अठराव्या शतकाच्या अखेरचा. मग शीवचा बांध, कुलाब्याचा बांध. १८४५ साली माहीम-वांद्र्याचा कॉजवे झाला तो आवाबाई जीजीभाईंच्या पैशातून. त्यांनी दिले १ लाख ५७ हजार रुपये, आणि अट घातली की या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. एका बाईने पदरच्या पैशांनी बेट जोडलं आणि ते फुकट वापरायला दिलं, हे लेडी जमशेदजी रोडवरच्या कोंडीत बसून आठवण्यासारखं आहे. रस्ता त्यांच्याच नावाचा.

त्यानंतरचे हात महाग झाले. २००९चा वांद्रे-वरळी सागरी सेतू ५.६ किलोमीटर. त्याच्या केबलांमधल्या पोलादी तारा एकीला एक जोडल्या तर पृथ्वीला वेढा बसेल, असं तेव्हा मोठ्या कौतुकानं सांगितलं जायचं. पृथ्वीला वेढा बसला, वरळीच्या सिग्नलला मात्र उतारा पडला नाही. २०१३ साली पूर्व मुक्त मार्ग, १६.८ किलोमीटर. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतू, २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. आणि त्याच वर्षी मार्चपासून टप्प्याटप्प्याने किनारी रस्ता.

किनारी रस्त्यापाशी जरा थांबू. लांबी १०.५८ किलोमीटर, खर्च १४ हजार कोटींच्या आसपास. भागाकार केला तर एका मीटरला १ कोटी ३० लाख रुपये पडतात. माणसाचं पाऊल साधारण पाऊण मीटरचं. म्हणजे एकेका पावलाला जवळपास एक कोटी. अर्थात त्या रस्त्यावरच्या बोगद्यातून पावलं टाकत जायची परवानगी नाही, दुचाकी आणि रिक्षेलाही नाही. रस्ता देखणा आहे, वरळीहून मरीन ड्राइव्हला पोचायला खरोखर वेळ वाचतो, हे मान्य. पण मरीन ड्राइव्हला पोचून गाडी करायची काय? नरिमन पॉइंटची जमीन काही त्या दिवशी वाढली नाही.

आता थोडी बेरीज-वजाबाकी. वैतागू नका, आकडे सरळ आहेत.

उपनगरं धरून मुंबईत सुमारे २ हजार किलोमीटर रस्ते. नोंदलेली वाहनं ४५ लाखांच्या वर, त्यातल्या मोटारी १२ लाखांहून जास्त. कराच्या सवलतीपायी छोट्या गाड्या चार मीटरच्या आत बनवतात, तेव्हा चार मीटरची गाडी आणि पुढे मीटरभर मोकळी जागा धरू. १२ लाख गाड्या पाच-पाच मीटरवर ओळीने लावल्या तर ओळ होते ६ हजार किलोमीटरची. देशातला सगळ्यांत लांब महामार्ग, श्रीनगर ते कन्याकुमारी, तो भरतो ४,११२ किलोमीटर. एकदा काश्मीरहून कन्याकुमारी गाठायची आणि परतीला जवळजवळ निम्म्या वाटेवर यायचं. किंवा मुंबईतला एकूण एक रस्ता, गल्लीबोळांसकट, तीन ओळींत ठासून भरायचा. दुचाकी, टॅक्सी, रिक्षा, टेम्पो, पाण्याचा टँकर आणि गणपतीची मिरवणूक याच्यानंतर.

जागेचा हिशेब याहून गमतीचा. १२ लाख गुणिले साडेबारा चौरस मीटर, दीड कोटी चौरस मीटर, म्हणजे १५ चौरस किलोमीटर. दादरचं शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचं. अशी १३२ शिवाजी पार्कं लागतील, नुसत्या गाड्या उभ्या करायला. त्यातही धरलंय की प्रत्येक गाडीला एकच जागा पुरते. खरं तर एक घरापाशी लागते आणि एक ऑफिसपाशी; सकाळी दहानंतर घराची जागा रिकामी असते आणि रात्री ऑफिसची. दुप्पट केलं तर ३० चौरस किलोमीटर. बेट ६७चं.

ही झाली उभी गाडी. धावती गाडी त्याहून अधाशी. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीने पुढच्यापासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं असतं. दोन सेकंदांत ती २२ मीटर जाते. त्यात तिची स्वतःची चार मीटर मिळवा, लेनची साडेतीन मीटर रुंदी गुणा: ९१ चौरस मीटर. फुटांत ९८०. हे मी आधी दोनदा ताडून पाहिलं, कारण विश्वास बसेना. मुंबईतला बऱ्यापैकी टू-बीएचके फ्लॅट रस्त्यावरून धावतोय आणि आत एक माणूस, क्वचित दोन. सरासरी दीड धरलं तरी माणशी साडेसहाशे चौरस फूट. बीडीडीच्या पुनर्विकासात भाडेकरूला मिळणारं नवं घर ५०० चौरस फुटांचं आहे.

लोकलमध्ये माणसाला किती जागा मिळते? बारा डब्यांची गाडी सुमारे २५६ मीटर लांब, ३.६६ मीटर रुंद. गर्दीच्या वेळी आत साडेचार हजार माणसं सहज असतात. माणशी सव्वादोन चौरस फूट. वर्तमानपत्राच्या एका पानापेक्षा किंचित जास्त. मोटारवाले म्हणतील, धावत्या गाडीशी उभी लोकल ताडणं हा अन्याय. बरोबर आहे. मग लोकलच्या मागचे-पुढचे रिकामे रूळही धरू. तीन मिनिटांनी एक गाडी, तोच ४० किलोमीटरचा वेग, म्हणजे दोन गाड्यांत दोन किलोमीटर. रुळांची पट्टी पाच मीटर रुंद. तरी माणशी पंचवीस चौरस फुटांच्या आतच येतं. ६५० आणि २५.

दुसऱ्या बाजूनेही हेच. तीन मिनिटांनी एक म्हणजे तासाला वीस गाड्या, एका रुळावरून एका दिशेने ९० हजार माणसं. मोटारींच्या एका लेनमधून, मध्ये सिग्नल नसला तर, तासाला अठराशे गाड्या जातात, माणसं सत्तावीसशे. एका रुळाची बरोबरी करायला ३३ लेन लागतील. ११५ मीटर रुंदीचा रस्ता. रुळाच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १.६७६ मीटर.

अटल सेतूवरून पहिल्या वर्षात दिवसाला सरासरी बावीस-तेवीस हजार वाहनं गेली. खर्च १७,८४० कोटी, मोटारीला एका खेपेचा टोल २५० रुपये. तेवीस हजार वाहनांतली माणसं साधारण पस्तीस हजार होतील. मुंबईच्या एका रुळासाठी हे चोवीस मिनिटांचं काम. आठ लोकल. सकाळी साडेआठला सुरू केलं तर नऊच्या आत संपलं.

पण या आकड्यांवर खूश होऊन चालणार नाही. सव्वादोन चौरस फुटांत माणूस बसवणं ही काही कर्तबगारी नाही. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या रेल्वेमार्गांवर अडीच हजारांहून जास्त माणसं दगावली. दिवसाला सात. काही रूळ ओलांडताना, काही दारातून निसटून. मोटार घेणारा माणूस चैनीसाठीच घेतो असं म्हणणाऱ्याने एकदा सकाळी डोंबिवलीहून चढून दाखवावं. गर्दीला कंटाळून गाडी घेतली जाते, गाडीमुळे बस अडकते, बस अडकली की तिच्यातले लोक लोकलकडे वळतात, आणि लोकलची गर्दी आणखी एकाला गाडी घ्यायला लावते. या घाण्यात वर्षाला दोन लाखांहून अधिक नवी वाहनं पडतात. बहुतेक दुचाकी, हे खरं.

मग करायचं काय? उपाय काही आकाशातून आणायचे नाहीत. बरेचसे इथेच पडून आहेत.

बाराच्या जागी पंधरा डबे. पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची लोकल २००९पासून धावते, पण अजून मोजक्याच फेऱ्या. तीन डबे वाढले की त्याच रुळावर, त्याच मोटरमनसह सव्वाअकराशे माणसं जास्त. तेवढ्यांना मोटारी लागल्या असत्या ७५०, आणि त्यांची ओळ झाली असती पावणेचार किलोमीटरची. गिरगाव चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत मरीन ड्राइव्ह आहे ३.६ किलोमीटर. एका बाजूला समुद्राकाठचा अख्खा राणीचा हार, दुसऱ्या बाजूला चौसष्ट मीटरचे तीन डबे. यासाठी फलाट लांब करावे लागतात, सिग्नल हलवावे लागतात, खर्च आहेच. पण एका पावलाला एक कोटी नक्की नाही.

मेट्रो-३चा हिशेब लोकांना उलटा वाटतो म्हणून सांगतो. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण सुरू झाली. खर्च ३७ हजार कोटींच्या वर. आकडा ऐकून डोळे पांढरे होतात. मीटरला भागलं तर १ कोटी ११ लाख. किनारी रस्त्यापेक्षा स्वस्त, आणि आठ डब्यांच्या एका गाडीत अडीच हजारांच्या आसपास माणसं.

बसचं दुखणं मात्र मनाला लागतं. या शहरात १८७४मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७मध्ये विजेची, १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस. ३१ मार्च १९६४च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली आणि रस्त्यावर बस उरली. बस चालवणाऱ्या बेस्टकडे एकेकाळी चार हजारांवर गाड्या होत्या, आता तीन हजारांच्याही खाली. माणसं वाढली, रस्ते वाढले, पूल वाढले आणि बस घटली, असं जगात फार ठिकाणी झालेलं नसेल.

संध्याकाळी सातला दादरच्या टिळक पुलावर बसमध्ये उभं राहून बघा. कंडक्टर 'पुढे सरका, पुढे जागा आहे' म्हणतोय, पुढे जागा नाही. दांड्याला धरलेला हात भरून आलाय, शेजारच्या बाईच्या पिशवीतली मेथी आपल्या कोपराला लागतेय. खिडकीतून खाली गाड्यांची टपं दिसतात, आणि काचेतून आतलं. चालक, शेजारची सीट रिकामी, मागची रिकामी. चालक, मागे एक मोबाइलचा उजेड. बसमध्ये साठ माणसं. तेवढ्यांना चाळीस गाड्या लागतात, म्हणजे दोनशे मीटरची ओळ. आणि बस त्या ओळीच्याच मागे उभी, कारण तिला वेगळी वाट नाही.

एक लेन बससाठी राखली आणि मिनिटाला एक बस सोडली तर तासाला ३,६०० माणसं जातात. भरून वाहणाऱ्या मोटारींच्या लेनपेक्षा नऊशे जास्त. अर्ध्या मिनिटाला एक सोडली तर ७,२००. त्याला लागतो पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश. आणि हो, त्या लेनमध्ये गाडी घालणाऱ्याला, तो कोणाचा कोण आहे ते न विचारता, दंड करणारा हवालदार. रंग मिळेल.

जागेचं भाडं हा नाजूक विषय. बेटावर घराचा भाव चौरस फुटाला ४० हजार धरला, आणि बऱ्याच ठिकाणी तो याहून जास्त आहे, तर गाडीखालच्या १३४ फुटांची किंमत होते ५४ लाखांच्या आसपास. वर्षाला तीन टक्के भाडं धरलं तरी महिन्याला साडेतेरा हजार. रस्त्याकडेला फुकट उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला शहर दिवसाला साडेचारशे रुपयांची शिष्यवृत्ती देतं. फुटपाथवरच्या भाजीवालीला मात्र तीन फुटांसाठी पळावं लागतं.

सिंगापूर हेही बेटच, मुंबईच्या बेटाच्या दहापटीहून मोठं. त्यांनी हा नाजूकपणा १९७५ सालीच बाजूला ठेवला. जून महिन्यापासून सकाळच्या वेळी मध्यवर्ती भागात मोटार न्यायची तर दिवसाला तीन डॉलर. १९९०पासून गाडी घेण्याआधी परवाना लिलावात जिंकावा लागतो आणि तो फक्त दहा वर्षं चालतो. अलीकडे नुसत्या परवान्याची बोली एक लाख सिंगापूर डॉलरांच्या वर गेली, म्हणजे साठ लाख रुपयांहून जास्त. गाडीचे पैसे वेगळे. २०१८पासून खासगी मोटारींची वाढ त्यांनी शून्यावर आणली. साठ लाख वस्तीला मोटारी साडेसहा लाखांच्या घरात. हे आपल्याकडे जसंच्या तसं चालेल असं मला वाटत नाही. साठ लाखांचा परवाना ज्याला परवडेल त्याला आपल्याकडे लाल दिवाही परवडायचा.

न्यूयॉर्कचं मॅनहॅटन आपल्याशी जास्त जुळतं. तेही लांबट बेट, ५९ चौरस किलोमीटर. ५ जानेवारी २०२५पासून तिथे साठाव्या रस्त्याच्या खाली मोटार न्यायला गर्दीच्या वेळी ९ डॉलर पडतात. आरडाओरडा भरपूर झाला, पण शिरणारी वाहनं दहा टक्क्यांहून जास्त घटली, आणि पैसा तिथल्या भुयारी रेल्वे अन् बसकडे जातो. त्याच्या तीनच महिने आधी, ऑक्टोबर २०२४मध्ये, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. तो टोल उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायला होता, कोंडी कमी करायला नव्हता, आणि नाक्यावरच्या रांगांनी पेट्रोल जळत होतं हेही खरं. तरी एका बेटाने दार किलकिलं केलं आणि दुसऱ्याने सताड उघडलं.

बिनपैशाचे उपायही आहेत. सगळ्यांनी दहाच्या ठोक्याला बेटाच्या टोकाला हजर राहायचं हा नियम देवाने केलेला नाही. मध्य रेल्वेने २०२३ साली शेकडो कार्यालयांना पत्रं लिहून वेळा मागेपुढे करायची विनंती केली आणि सुरुवात स्वतःच्या कर्मचाऱ्यांपासून केली. समुद्राचंही तसंच. अलिबागला रस्त्याने जायचं तर पनवेल, पेण करत शंभर किलोमीटर. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट २०२०पासून तासाभरात नेते, पोटात गाड्या घेऊन. तिन्ही बाजूंना फुकटचा रस्ता पसरलाय, त्याला खड्डे पडत नाहीत.

आणि डबेवाले. कोविडच्या आधी पाचेक हजार माणसं रोज दोन लाख डबे पोचवत होती: सायकल, हातगाडी, लोकलचा मालडबा आणि डोक्यावरची लाकडी पेटी. एका पेटीत चाळीसच्या आसपास डबे. चर्चगेटबाहेर अशी पेटी उतरताना बघितलीय? माणूस गुडघ्यात किंचित वाकतो, दुसरा खालून हात लावतो, पेटी फुटपाथवर टेकते आणि दोन मिनिटांत रिकामी. आज तेवढीच जेवणं दोन लाख दुचाकींवरून निघाली तर नुसती एकामागे एक लावून चारशे किलोमीटर होतील. दुचाकीच्या मागच्या चौकोनी पिशवीत एकाची बिर्याणी आणि पुदिन्याची चटणी, बाकी हवा.

पुढच्या खेपेला टिळक पुलावर अडकलात, बसमध्ये असा की गाडीत, तर पुढच्या दहा मोटारींमधली डोकी मोजून बघा. हातापायांची मिळून वीस बोटं असतात. तेवढी लागणार नाहीत.